मराठी ख्रिस्ती साहित्यातील रक्त आणि अर्पण

१

ख्रिस्ती धर्मविचारातील तारणाची कल्पना रक्ताच्या प्रतिमेवाचून सांगता येत नाही. मोशेच्या नियमशास्त्रातील वेदी, वल्हांडणाच्या रात्री दाराच्या चौकटीला लावलेले कोकराचे रक्त, शेवटच्या भोजनातील प्याला आणि कालवारीवरील क्रूस ही सारी एकाच सूत्रात ओवलेली आहेत. हे सूत्र मराठीत आणताना लेखकांपुढे जी अडचण उभी राहिली, ती केवळ भाषांतराची नव्हती. ज्या भाषेतील सर्वांत समर्थ धर्मकाव्य पशुबळीकडे पाठ फिरवून उभे राहिले, त्या भाषेत 'रक्ताने पाप धुतले जाते' हे विधान कसे उच्चारायचे, असा तो प्रश्न होता. ज्ञानदेवांनी यज्ञाचा अर्थ स्वधर्माचरणापर्यंत आणि ज्ञानापर्यंत नेला व अखेरीस आपल्या निरूपणालाच वाग्यज्ञ म्हटले. मद्यमांसाचा भोग घेणाऱ्या जाखाई-जोखाईंना तुकोबांनी आपल्या विठोबाच्या पंक्तीला बसू दिले नाही. दुसरीकडे गावोगावच्या जत्रांतून बोकडाकोंबड्यांचे बळी पडतच राहिले. त्यामुळे 'बळी' हा शब्द मराठी वाचकाच्या कानी पडतो तो दोन परस्परविरोधी संस्कार जागे करीत. एक संस्कार रांगड्या, भयग्रस्त उपासनेचा. दुसरा त्या उपासनेच्या निषेधाचा.

या दोन्ही संस्कारांना ओलांडून ख्रिस्ताच्या रक्ताचा अर्थ सांगणे मराठी ख्रिस्ती लेखकांना कितपत साधले, याचा विचार येथे करावयाचा आहे. धर्मशास्त्रीय निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न साहित्याचा आहे: एखादी प्रतिमा परक्या भूमीत रुजते तेव्हा तिचे नेमके काय टिकते आणि काय गळून पडते?

२

प्रथम मूळ कल्पनेकडे वळू. लेवीय ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात रक्ताविषयीचे मूलभूत सूत्र आले आहे. देहाचे जीवन रक्तात असते, म्हणून रक्त खाण्यास मनाई. आणि तेच रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिलेले आहे. या वचनाचा कर्ता ध्यानात घेतला पाहिजे. रक्त माणसाने देवाला द्यावे एवढेच येथे म्हटलेले नाही. ते देवानेच माणसाला वेदीसाठी दिले आहे, असे म्हटले आहे. देवाची भूक भागवण्यासाठी पशू कापणाऱ्या उपासनेपासून ही कल्पना येथेच वेगळी होते. सोळाव्या अध्यायातील प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे असतात. एकाचे रक्त परमपवित्रस्थानी शिंपडले जाते. दुसऱ्यावर लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडून दिले जाते. ज्याच्यावर पापे लादली जातात तो बकरा मारला जात नाही, आणि जो मारला जातो त्याच्या रक्ताने पवित्रस्थानाची अशुद्धी दूर होते. रक्ताला येथे शिक्षेपेक्षा शुद्धीचा अर्थ अधिक आहे.

त्याच परंपरेत या विधीविरुद्धचा आवाजही आहे. यशया आणि मीखा या संदेष्ट्यांनी न्यायाविना केलेली अर्पणे देवाला नकोशी आहेत, असे बजावले. 'इब्री लोकांस पत्र' या ग्रंथाचा लेखक तर एका बाजूला रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही असे मांडतो आणि दुसऱ्या बाजूला बैलांचे व बकऱ्यांचे रक्त पाप दूर करू शकत नाही असेही सांगतो. या विरोधाचे निरसन तो एकाच मार्गाने करतो. ख्रिस्ताच्या ठायी याजक आणि अर्पण एक होतात. जो वेदीपाशी उभा आहे तोच वेदीवर आहे. दुसऱ्याचे प्राण देऊन स्वतः सुटण्याचा व्यवहार येथे संपतो. त्याच पत्रात पुढे आणखी एक मर्मग्राही तुलना येते: हाबेलाच्या रक्ताहून हे रक्त काही अधिक चांगले बोलते. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात हाबेलाचे रक्त जमिनीतून ओरडते ते न्यायासाठी. येथील रक्त बोलते ते क्षमेसाठी.

मराठी बायबलच्या परंपरेने या कल्पनांसाठी जे शब्द घडवले, ते मुळातून पाहण्याजोगे आहेत. 'होमबली' आणि 'पापबली' हे वैदिक होमाची आठवण करून देणारे. 'वल्हांडण' हा ओलांडण्याच्या क्रियेतून आलेला बोलीचा शब्द. 'दयासन' ही नवी घडण. 'देवाचा कोकरा' मध्ये तर नपुंसकलिंगी 'कोकरू' पुल्लिंगी झाले. 'करार' हा शब्द दप्तरातून, देण्याघेण्याच्या कागदातून आलेला. त्यामुळे 'कराराचे रक्त' असे म्हटले की मराठी कानाला व्यवहार ऐकू येतो, नाते ऐकू येत नाही. निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात मोशे अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडतो. एकाच प्राणाने दोन पक्ष बांधले जातात, हे त्या कृतीतील तात्पर्य. 'करार' या शब्दात ते मावत नाही. संस्कृतप्रचुर शब्दांचा हा भार पंडिता रमाबाईंना जाणवला होता. केडगावच्या मुक्तिमिशनमधील सामान्य स्त्रियांना समजेल असे बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत अधिक अर्थभार मात्र 'प्रायश्चित्त' या शब्दावर पडला. धर्मशास्त्राच्या परिभाषेत प्रायश्चित्त ज्याने पाप केले त्यानेच घ्यावयाचे असते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल जो वाद पेटला, त्यात न्यायमूर्ती रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. त्या काळच्या मराठी माणसाला हा शब्द म्हणजे देहशुद्धी, दक्षिणा आणि जातीत पुनःप्रवेश एवढाच ठाऊक होता. त्याच शब्दाने 'दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले' असे काही सुचवायचे म्हणजे शब्दाचा प्रवाहच उलटा वळवणे होते. ख्रिस्ती प्रचारकांचे व्याख्यान अनेकदा श्रोत्यांना अनाकलनीय का वाटले असेल, याचे एक उत्तर या शब्दात आहे.

३

ख्रिस्ताच्या मरणाने नेमके काय घडले, याविषयी ख्रिस्ती परंपरेत एकच मत कधीच नव्हते. प्रारंभीच्या धर्माचार्यांपैकी काहींनी ते सैतानाला दिलेले खंडणीचे मोल मानले. नाझियान्झसच्या ग्रेगरीने चौथ्या शतकातच हा हिशेब नाकारला आणि ते मोल पित्याने मागितले असेही मानण्यास नकार दिला. कँटरबरीच्या अन्सेल्मने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात देवाच्या अवमानित प्रतिष्ठेची भरपाई ही कल्पना मांडली. आबेलारने भर दिला तो त्या मरणातून प्रकटणाऱ्या आणि माणसात प्रेम जागवणाऱ्या प्रेमावर. धर्मसुधारणेच्या काळात कॅल्विनने शिक्षेची भाषा ठळक केली: आपल्याला व्हावयाचा दंड त्याने भोगला. विसाव्या शतकात गुस्ताफ औलेन यांनी विजयाची जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली. रने झिरार यांनी सर्वांची हिंसा एका निरपराधावर लोटण्याची समाजाची जुनी सवय क्रूसाने उघडी पाडली, असे प्रतिपादन केले.

या मतांची गुंतागुंत मराठी भाषेने आपल्या परीने तीन क्रियापदांत साठवून ठेवली आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. आपण बळी 'घेतो', बळी 'देतो' आणि कोणी बळी 'जातो'. 'बळी घेणे' म्हटले की रक्त मागणारी शक्ती समोर येते. 'बळी देणे' म्हटले की स्वतः सुरक्षित राहून दुसऱ्याचा जीव पुढे करणारा माणूस दिसतो. 'बळी जाणे' म्हटले की अन्यायाने चिरडलेला निरपराध. शिक्षेची कल्पना ढोबळपणे सांगितली की ती पहिल्या क्रियापदाशी जाऊन थांबते. झिरार यांचे विवेचन तिसऱ्याशी जवळीक सांगते. मात्र 'इब्री लोकांस पत्रा'ला अभिप्रेत असलेली, याजक आणि अर्पण एक असण्याची कल्पना या तिहींपैकी एकातही पुरती मावत नाही. मराठी ख्रिस्ती कवींचा खरा शोध या न मावणाऱ्या अर्थासाठी होता.

४

या शोधाचा आरंभ साष्टीत झाला. इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. रोमन लिपीतील, पण मराठी ओवीतील हा ग्रंथ दहा हजारांहून अधिक ओव्यांचा आहे. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतचा जुना करार आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र अशी त्याची विभागणी आहे. जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय, या नवख्रिस्ती श्रोत्याच्या मागणीतून ग्रंथाची योजना झाली, असे तो आरंभीच सांगतो. मागणीमागचे दुःख त्याला कळले होते. ज्यांची दैवते गेली, त्यांची भाषा तरी जाऊ नये, असा त्याच्या काव्याचा कल आहे. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो.

या ग्रंथातील ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे निरूपण वाचताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. साष्टीच्या श्रोत्यांना रक्त ही केवळ पोथीतील प्रतिमा नव्हती. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट आणि त्यांच्या सोबतचे काही ख्रिस्ती मारले गेले. देवळे पाडली जात असल्याचा आणि धर्मांतराच्या दडपणाचा संताप त्यामागे होता. त्यानंतर पोर्तुगीज सत्तेने कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. स्टीफन्सने त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात सहकाऱ्यांच्या मृत्यूची हकिगत सांगितली आहे. एका पक्षाने आपल्या मृतांना हुतात्मे म्हटले. दुसऱ्या पक्षाच्या मृतांची आठवण त्या गावाने जपली. अशा भूमीत तीन दशकांनंतर रक्ताने मिळणाऱ्या क्षमेचे पुराण सांगायचे होते.

या पार्श्वभूमीवर स्टीफन्सच्या काव्यातील करुणरस केवळ अलंकारशास्त्राचा विषय राहत नाही. ओवीच्या संथ, घरगुती लयीमुळे दुःखभोगाची कथा न्यायालयातून बाहेर पडते आणि आईच्या विलापापाशी येऊन थांबते. श्रोता हिशेब मांडत नाही, तो रडतो. युरोपीय धर्मपीठांतून शिकलेला दंडभरपाईचा सिद्धान्त त्याच्या ग्रंथात नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु ओवी हा छंद सिद्धान्ताला फार वेळ वर डोके काढू देत नाही. हे त्याचे यश. मात्र त्याची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. ज्या सत्तेच्या छायेत हे काव्य गायिले गेले, त्या सत्तेने सांडलेल्या रक्ताविषयी ते मौन पाळते. हाबेलाच्या रक्ताची हाक आपल्याच अंगणातून येत असता ऐकू न येणे ही केवळ एका कवीची नव्हे, संपूर्ण युगाची उणीव होती. येशूच्या रक्ताचा दोष यहुदी लोकांच्या माथी मारून शतकानुशतके त्यांचा छळ झाला आणि तो आरोप रोमन चर्चने अधिकृतपणे नाकारला तो १९६५ मध्ये. क्षमेचे रक्त सूडाचे निमित्त होऊ शकते, हा इतिहासाचा इशारा कोणत्याही भाषेतील ख्रिस्ती काव्याला टाळता येत नाही.

५

साष्टीतील श्रोत्याने पशुबळीची उपासना जवळून पाहिलेली होती. ती निग्रहाने टाकून दिलेल्या श्रोत्यापुढे हीच प्रतिमा गेली तेव्हा तिची कसोटी निराळी होती. छत्तीसगडच्या मैदानी प्रदेशात गुरू घासीदासांच्या सतनामी पंथाने मांसाहार सोडलाच, पण मसूर आणि टोमॅटो यांसारखे रक्ताच्या रंगाची आठवण करून देणारे अन्नही वर्ज्य मानले, अशी नोंद आढळते. याच लोकांमध्ये काम करण्यासाठी ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने १८६८ मध्ये बिश्रामपूर हे केंद्र वसवले. मूर्तिपूजा सोडलेला हा समाज सहज ख्रिस्ती होईल, अशी त्याची अपेक्षा होती. तेवढ्या प्रमाणात ती फळाला आली नाही. त्याची सामाजिक आणि आर्थिक कारणे अनेक आहेत. तरीही डाळीच्या रंगातही हिंसा टाळू पाहणाऱ्या मनाला रक्तात धुतले जाण्याची भाषा केवढी दुर्घट वाटली असेल, याची कल्पना साहित्याच्या अभ्यासकाने केली पाहिजे. अशा मनाला क्रूसाचा अर्थ सांगायचा, तर तो हिंसेचा गौरव म्हणून मुळीच सांगता येणार नाही. हिंसेचा शेवट म्हणूनच सांगावा लागेल.

मराठी ख्रिस्ती काव्याला नवे वळण देणारी घटना याच प्रदेशाच्या वाटेवर घडली, हा योग लक्षणीय आहे. आजच्या भिलाई आणि रिसालीच्या पश्चिमेस, नागपूरहून येणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगाव आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्या ग्रंथातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जिंकले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक ख्रिस्ताकडे आले ते त्याच्या उपदेशातून. रक्ताच्या सिद्धान्तातून नव्हे. त्यांच्या अभंगांवर याची छाप स्पष्ट आहे. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, ही त्यांची भावना प्रसिद्ध आहे आणि ख्रिस्ताला माउली म्हणणे हा तिचाच परिपाक आहे. रक्तक्षालनाच्या प्रतिमेपेक्षा त्यांच्या काव्यात वात्सल्याची प्रतिमा अधिक जिवंत आहे. परकी वाटणारी श्रद्धा त्यांनी मराठी घरात आणून बसवली, याचे श्रेय मुख्यतः या प्रतिमेला द्यावे लागेल.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ताचे प्रतीक म्हणून पेलिकन पक्षी चित्रित केला जाई. तो आपली छाती फोडून पिलांना स्वतःच्या रक्ताने जगवतो, अशी समजूत होती. आपल्या संतांनी कासवीची उपमा दिली. ती दूरवरून केवळ प्रेमदृष्टीने पिलांचे पोषण करते. दोन्ही प्रतिमा वात्सल्याच्या आहेत. परंतु कासवीच्या दृष्टीने पिले वाढतात तेव्हा कासवीचे काही उणे होत नाही. पेलिकनचे होते. टिळकांचा ख्रिस्त कासवीच्या बाजूचा आहे. म्हणूनच तो आपला वाटतो, आणि म्हणूनच कधी कधी क्रूसाचा काठिण्यभाव त्यांच्या अभंगात विरघळून जातो. क्षमा करणाऱ्याला क्षमेचे मोल पडते, हा रक्ताच्या प्रतिमेचा गाभा आहे. ज्याने अपराध सोसला आणि तरी सूड घेतला नाही, त्याने ते मोल स्वतःच्या अंगावर घेतलेले असते. रक्त वगळून केवळ माया ठेवली, तर क्षमा स्वस्त होण्याचा धोका संभवतो.

टिळकांनी या धोक्याचा पूर्ण विचार करण्यापूर्वीच त्यांचे महाकाव्य थांबले. 'ख्रिस्तायना'चे आरंभीचे अध्याय लिहून १९१९ मध्ये ते निवर्तले. पुढील बहुतांश रचना लक्ष्मीबाईंनी केली आणि त्यांच्या पश्चात, १९३८ मध्ये, ग्रंथ प्रकाशित झाला. शालेय शिक्षण नसलेल्या, पतीच्या धर्मांतराने उन्मळून पडलेल्या आणि सोवळ्याओवळ्याचा एकेक वेढा स्वतः उसवत ख्रिस्तापर्यंत आलेल्या स्त्रीच्या हाती ही कथा यावी, याला अर्थ आहे. 'स्मृतिचित्रे'च्या वाचकाला ठाऊक आहे की, क्षमेचे मोल म्हणजे काय हे लक्ष्मीबाईंना सिद्धान्तातून शिकावे लागले नव्हते. टिळकांनी संसार मोडला, तो त्यांनी पुन्हा जोडला. त्या जोडण्यात त्यांचे काय खर्ची पडले, याची गणती त्यांनी विनोदाच्या आड ठेवली.

६

आता 'बळी' या शब्दाकडे परत येऊ. मराठीत या शब्दाचा आणखी एक मोठा अर्थ आहे, आणि तो यज्ञशाळेतून आलेला नाही. दिवाळीत ज्याचे राज्य यावे असे घरोघरी म्हटले जाते, तो बळीराजा. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त येशूला याच बळीच्या परंपरेत बसवले. त्यांना ख्रिस्ती धर्मसिद्धान्त सांगायचा नव्हता. दीनांच्या कैवाऱ्याला मारले जाते, ही इतिहासाची रीत दाखवायची होती. परंतु शब्दाने त्यांच्या हेतूपलीकडेही काम केले आहे. पुराणातील बळी तिसऱ्या पावलासाठी स्वतःचे मस्तक पुढे करतो. येथे देणारा आणि दिला जाणारा एकच आहे. अन्यायाने चिरडलेला 'बळी' आणि स्वतःला देऊन टाकणारा राजा 'बळी' असे दोन्ही अर्थ एका उच्चारात भेटतात. ख्रिस्ती धर्मशास्त्राने ज्यासाठी इतके ग्रंथ लिहिले, त्या याजक आणि अर्पण यांच्या ऐक्याला मराठी लोकस्मृतीत असे एक जवळचे नाव आधीपासूनच होते.

नावाप्रमाणे क्रियापदही होते. 'घेणे', 'देणे' आणि 'जाणे' या तिन्ही क्रियापदांना जे साधत नाही, ते 'वाहणे' या क्रियापदाला साधते. मराठीत ओझे वाहतात, रक्त वाहते आणि देवाला फूल वाहतात. क्रूस वाहणारा, ज्याचे रक्त वाहते तो आणि ज्याने स्वतःला वाहिले तो, हे एकाच धातूने सांगता येते. सोसणे, सांडणे आणि अर्पिणे यांत कालाचा किंवा कर्त्याचा भेद राहत नाही. विशेष म्हणजे फूल 'वाहणे' या क्रियेत देवाच्या रोषाची भीती नाही. तेथे भाव आहे, आणि भाव असूनही फूल देठापासून खुडले गेलेले आहेच. कासवीच्या दृष्टीत जे उणे राहिले, ते येथे भरून निघते.

मराठी ख्रिस्ती काव्याच्या पुढील वाटचालीला या शब्दसंपत्तीकडे अजून पुरतेपणी वळावयाचे आहे. भाषांतरातून आलेली रक्ताची भाषा उपासनेत केवळ सवयीने उच्चारली गेली, तर ती निर्जीव होते. संकोचाने वगळली गेली, तर क्षमेचे मोल लपते. क्रोधाच्या तृप्तीसाठी सांगितली गेली, तर ती जत्रेतल्या बोकडापाशी परत जाते. टिळकांना ज्या प्रवचनाने जिंकले, त्यातच वेदीपाशी आणलेले दान तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, अशी आज्ञा आहे. वेदी तेथे नाकारलेली नाही; तिच्याकडे जाणारी वाट मात्र भावाच्या दारावरून वळवली आहे. कुंकळ्ळीच्या मातीत मिसळलेले दोन्ही बाजूंचे रक्त आणि रक्तवर्णी अन्नही टाळणाऱ्या सतनाम्यांचा संकोच यांना उत्तर द्यायचे असेल, तर मराठीतील अर्पणाच्या काव्याला त्या दारावर थांबावे लागेल.